दारापर्यंत गेलेली आई

दारूबद्दल आपण बायका आताशा उघडपणे बोलतो. बचत गटाच्या मीटिंगमध्ये विषय निघतो, मोर्चे निघतात, बाटली आडवी करायला मतदानसुद्धा होतं. गांजाचं तसं नाही. गांजाचा विषय आला की आवाज खाली जातो. कारण दारू बहुतेक वेळा नवऱ्याची असते आणि गांजा मुलाचा. नवऱ्याच्या व्यसनात लोक बाईला बिचारी म्हणतात, मुलाच्या व्यसनात मात्र तिलाच जाब विचारतात. तुझं लक्ष कुठं होतं, हा प्रश्न सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांच्या ओठावर तयार असतो.

महिला मंडळाच्या कामामुळे अशा आया माझ्याकडे येतात. कुणाचा मुलगा बारावीत, कुणाचा आयटीआयला, कुणाचा शिकायला म्हणून शहरात खोली करून राहिलेला. सगळं सांगून झालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ताई, यावर काही गोळी आहे का? तर मैत्रिणींनो, गांजाची सवय सुटावी म्हणून खास मान्यता मिळालेलं औषध आजही नाही. झोप उडते, चिडचिड होते, त्यावर डॉक्टर तात्पुरतं काही देतात. पण मुख्य उपचार बोलण्याचा. हे ऐकलं की आया खट्टू होतात. बोलून बोलून तर तोंड दुखलं आमचं, अजून काय बोलायचं?

त्यांचं खरंच असतं. पण घरातलं ते बोलणं आणि उपचारातलं बोलणं यात फरक आहे. हा फरक ज्या माणसाने आयुष्य घालवून शोधला, त्याची गोष्ट आज सांगायची आहे. त्याचं नाव कार्ल रॉजर्स. मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलेल्या मैत्रिणींना नाव आठवेल. मीही ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. माणूस कळला तो पुष्कळ नंतर.

कार्लचा जन्म ८ जानेवारी १९०२ चा, अमेरिकेत शिकागोजवळच्या ओक पार्क गावातला. सहा भावंडांतला हा चौथा. वडील इंजिनिअर आणि बांधकामाचे ठेकेदार, घरात सुबत्ता. पण वळण असं कडक की विचारू नका. दारू तर सोडाच, पत्ते नाहीत, नाच नाही, नाटक नाही. पुढं मोठेपणी पहिल्यांदा सोड्याची बाटली तोंडाला लावली तेव्हाही आपण काहीतरी पाप करतोय अशी बारीकशी टोचणी कार्लला लागली होती. आईवडील मारझोड करणारे नव्हते. प्रेमळच होते. फक्त त्या प्रेमाला अट होती. आमच्यासारखं वागलास तर तू आमचा, एवढीच. न बोलता घातलेली अट मुलाला जास्त कळते, असं मला वाटतं.

कार्ल बारा वर्षांचा असताना घरच्यांनी शहराबाहेर शेत घेतलं आणि सगळं कुटुंब तिकडं गेलं. पोरं शहराच्या मोहापासून दूर राहावीत हाही त्यात एक हेतू होता. आपल्याकडेही मुलगा बिघडायला लागला की त्याला मामाच्या गावाला नाहीतर आजोळच्या शेतावर धाडतात, तसंच काहीसं. मित्र फारसे नाहीत, सारखा पुस्तकात डोकं घालून बसलेला असा तो मुलगा. रानात मोठे सुंदर पतंग सापडायचे, ते तो पाळायचा, त्यांच्या अळ्या वाढवायचा. जनावरांच्या खाद्यावरचं जाडजूड शास्त्रीय पुस्तकही त्याने त्या वयात वाचून काढलं. कुठल्या खुराकाने काय फरक पडतो हे नुसतं म्हणून चालत नाही, मोजून बघावं लागतं, हे त्याला तिथं कळलं. पुढच्या गोष्टीत हे कामाला येतं म्हणून मुद्दाम सांगितलं.

शेतीच शिकायची म्हणून तो विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात गेला. मग धर्मकार्याकडे मन वळलं. १९२२ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या एका जागतिक परिषदेसाठी त्याची निवड झाली आणि विशीतला हा मुलगा बोटीने चीनला गेला. सहा महिन्यांचा प्रवास. बोटीवर निरनिराळ्या विचारांची माणसं, रात्र रात्र चर्चा. परत येईपर्यंत आईवडिलांचा धर्म जसाच्या तसा त्याचा राहिला नव्हता. ते त्याने पत्रांतून घरी कळवलंही. टपाल जायला-यायला इतका वेळ लागायचा की घरच्यांचा राग पोचेपर्यंत याचं मन पक्कं झालेलं असायचं!

१९२४ मध्ये लहानपणापासून ओळखीच्या हेलन एलियटशी लग्न झालं. हेलन चित्रकार होती. आधी शिक्षण पुरं कर, मग लग्न, असं दोन्हीकडच्यांचं म्हणणं. ते बाजूला ठेवून दोघं जुन्या फोर्ड गाडीत बसून न्यूयॉर्कला गेली. तिथं धर्मशिक्षणाच्या संस्थेत नाव घातलेलं होतं. पण ठराविक गोष्टींवर श्रद्धा ठेवायचीच असं बंधन ज्या व्यवसायात आहे तो आपल्याला झेपणार नाही हे कार्लच्या लक्षात आलं, आणि रस्त्यापलीकडच्या शिक्षकांच्या कॉलेजात जाऊन तो मानसशास्त्र शिकायला लागला. १९२६ मध्ये मुलगा डेव्हिड झाला, १९२८ मध्ये मुलगी नॅटली.

आता रॉचेस्टर. माझ्या मते रॉजर्स यांच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा काळ हाच, जरी त्यांचं नाव मोठं झालं ते नंतर. १९२८ मध्ये त्यांना न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात नोकरी मिळाली. मुलांवर होणारी क्रूरता थांबवण्यासाठी काम करणारी एक संस्था होती, तिच्या बालविभागात. पगार वर्षाला २,९०० डॉलर. विद्यापीठातले लोक अशा जागेला कमी लेखायचे. कोर्टाने पाठवलेली, शाळेने काढलेली, चोऱ्या करणारी, पळून जाणारी, अनाथ, अर्धपोटी अशी मुलं रोज समोर यायची. बारा वर्षं रॉजर्स तिथं राहिले.

सुरुवातीला तेही इतर तज्ज्ञांसारखेच होते. मुलाची सगळी माहिती काढायची, कारण शोधायचं, ते त्याला समजावून सांगायचं. एक मुलगा होता, आगी लावायचा. त्या काळच्या एका नामांकित तज्ज्ञाच्या पुस्तकात असं होतं की अशा वागण्यामागं लैंगिक कुचंबणा असते. रॉजर्सनी सुधारगृहात त्या मुलाशी रोज बोलून बोलून ते कारण शोधून काढलं, त्याला समजावलं. झालं, प्रश्न सुटला. मुलाला सोडण्यात आलं, आणि त्याने पुन्हा आग लावली. रॉजर्सना धक्का बसला. कारण सापडलं म्हणजे मुलगा सुधारला असं होत नाही, आणि पुस्तक लिहिणारा मोठा माणूसही चुकू शकतो, या दोन्ही गोष्टी त्यांना एकदमच कळल्या.

दुसरी गोष्ट एका छापील मुलाखतीची. एका समाजसेविकेने मुलाच्या आईशी केलेली बातचीत शब्दशः लिहून ठेवलेली होती. नोकरीच्या पहिल्या दिवसांत रॉजर्सना ती इतकी आवडली की त्यांनी सहकाऱ्यांना नमुना म्हणून शिकवली. काही वर्षांनी त्यांना ती पुन्हा हवी झाली, वाचली, आणि ते हबकलेच. ती तर एखाद्या हुशार वकिलाने घेतलेली उलटतपासणी होती. प्रश्नावर प्रश्न टाकून त्या आईकडून सगळं तुझ्यामुळं झालं अशी कबुली काढून घेतलेली. कबुली मिळाली, पण त्यातून ना आईला काही मिळालं ना मुलाला.

इथं मला आपली घरं आठवतात. मुलाचे डोळे लाल दिसले की आपली तपासणी सुरू. कुठं होतास, कोण होतं बरोबर, तोंड उघड बघू, खिसा दाखव. मग देवासमोर उभं करून शपथ. कुणी माळ घालायला लावतं, कुणी अंगारा आणतं. माळ घालून दारू सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, तिला मी नावं ठेवणार नाही. पण ती त्यांनी स्वतः होऊन घातलेली होती. सोळा वर्षांच्या मुलाकडून जबरदस्तीने घेतलेली शपथ त्याला फक्त चांगलं खोटं बोलायला शिकवते.

आणि आता ती तिसरी गोष्ट. रॉचेस्टरमध्येच एक बाई आपल्या मुलाला घेऊन यायची. बुद्धीने चांगली, समजूतदार बाई. मुलगा अगदी द्वाड, कुणाला न आवरणारा. रॉजर्सनी सगळी हकिकत घेतली आणि त्यांना कारण स्पष्ट दिसलं. लहानपणी आईने मुलाला मनापासून जवळ केलेलं नव्हतं. हे तिच्या लक्षात आणून द्यायचं त्यांनी ठरवलं. हळूहळू, गोड बोलून, तिच्याच सांगण्यातल्या गोष्टी तिच्यापुढं मांडून. कितीतरी बैठका झाल्या, पण गाडी जागची हलेना. शेवटी त्यांनी हात टेकले. आपण दोघांनी खूप प्रयत्न केला, पण यश येत नाही, तेव्हा थांबूया, असं त्यांनी सुचवलं. तिलाही ते पटलं. निरोपाचा हात मिळवून ती दारापर्यंत गेली. तिथं ती वळली आणि तिने विचारलं, तुम्ही इथं मोठ्या माणसांना सल्ला देता का?

रॉजर्स हो म्हणाले. ती परत आली, ज्या खुर्चीतून उठली होती त्याच खुर्चीत बसली, आणि तिने बोलायला सुरुवात केली. संसाराबद्दल, नवऱ्याशी असलेल्या बिनसलेल्या नात्याबद्दल, आपण सगळ्यात हरलो या भावनेबद्दल. इतके दिवस तिने मुलाची म्हणून जी कोरडी माहिती दिली होती तिच्याशी याचा काहीच मेळ नव्हता. रॉजर्सना काय करावं सुचेना, म्हणून ते नुसते ऐकत राहिले. पुढं बऱ्याच बैठका झाल्या. त्या बाईचं घर सावरलं, आणि त्याबरोबर मुलगाही सुधारला. कुठं दुखतंय, कुठल्या बाजूने जायचं, कुठली जखम खोल दडपलेली आहे, हे त्या माणसालाच ठाऊक असतं, तज्ज्ञाने आपली हुशारी दाखवायची खाज आवरली तर ते त्याच्या तोंडून बाहेर येतं, हे रॉजर्स तिच्याकडून शिकले. त्यांनी ते आयुष्यभर मोकळेपणाने सांगितलं. जगातल्या एवढ्या मोठ्या उपचारपद्धतीच्या मुळाशी एक त्रासलेली आई आहे, आणि तिचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही.

त्या दिवसांत त्यांना शिकवणाऱ्या आणखी काही बायका होत्या. ऑटो रँक या व्हिएन्नाच्या विचारवंताच्या हाताखाली शिकलेल्या समाजसेविका. माणूस काय सांगतोय यापेक्षा ते सांगताना त्याला काय वाटतंय तिकडं कान द्यायचा, हे रॉजर्सनी त्यांच्याकडून घेतलं.

१९४० मध्ये ओहायोच्या विद्यापीठात ते प्राध्यापक झाले आणि १९४२ मध्ये समुपदेशनावरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी एक अजब गोष्ट केली. तोवर बंद खोलीत काय बोलणं होतं हे डॉक्टर नंतर आठवून सांगतील तेवढंच जगाला कळायचं. रॉजर्सनी संबंधित माणसाची परवानगी घेऊन बैठका ध्वनिमुद्रित केल्या. टेपरेकॉर्डर नव्हते, तबकड्या होत्या, आणि दर तीन मिनिटांनी तबकडी बदलावी लागायची. अशा आठ बैठकांचं बोलणं त्यांनी पुस्तकात जसंच्या तसं छापलं. शेतातला तो मोजून बघणारा मुलगा इथं पुन्हा दिसतो. समोर येणाऱ्याला पेशंट म्हणणंही त्यांनी सोडलं.

१९४५ पासून शिकागोत, मग १९५७ मध्ये विस्कॉन्सिनला. १९५७ च्याच एका लेखात त्यांनी आपलं सगळं म्हणणं मांडलं. ऐकणाऱ्यात तीन गोष्टी हव्यात. एक, तो खरा असावा, आत एक बाहेर एक नसावं. दुसरी, समोरच्याचा स्वीकार बिनशर्त असावा. तिसरी, समोरच्याच्या डोळ्यांनी जग बघायची तयारी असावी, आणि आपण तसं बघतोय हे त्याला जाणवावं.

यातल्या दुसऱ्या गोष्टीवर आया अडतात. बिनशर्त स्वीकार म्हणजे काय, ओढ बाबा गांजा म्हणायचं? नाही हो. स्वीकार मुलाचा आहे, गांजाचा नाही. घरात ओढायचं नाही, यासाठी पैसे मिळणार नाहीत, हे स्पष्ट सांगता येतं. सांगायलाच हवं. वाढत्या वयात, मेंदूची घडण चालू असताना गांजा जास्त नुकसान करतो, हेही खरं आणि ते लपवायचं नाही. फक्त ते सांगताना तू आमचा नाहीस असं त्याच्या कानावर पडू नये. बोलायला सोपं आहे, करायला फार अवघड. रॉजर्सच्या पद्धतीला लाडावून ठेवणारी म्हणून हसणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला मात्र ती लाडाची वाटत नाही. तासभर तोंड मिटून पोटच्या पोराचं ऐकायला जेवढा धीर लागतो तेवढा दोन मुस्काटात द्यायला लागत नाही.

रॉजर्सना तरी कुठं नेहमी जमलं? १९४९ च्या सुमाराला शिकागोत एका गंभीर आजारी स्त्रीवर उपचार करताना ते स्वतःच कोलमडले. आपण कुठं संपतो आणि ती कुठं सुरू होते हेच कळेनासं झालं. शेवटी तिला घाईघाईने एका डॉक्टर सहकाऱ्याकडे सोपवून, हेलनला गाडीत घालून ते दोन-तीन महिने गावच सोडून निघून गेले. परत आल्यावर आपल्याच केंद्रातल्या, आपल्यापेक्षा लहान सहकाऱ्यापुढं बसून त्यांनी उपचार घेतले. एवढ्या नावाजलेल्या माणसाने! आपल्याकडे समुपदेशकाकडे जायचं म्हटलं की कुणी बघेल म्हणून बसस्टँडवरून लांबच्या वाटेने जातात.

विस्कॉन्सिनमधला एक तरुण तर बोलायचाच नाही. मनोरुग्णालयात बरेच महिने असलेला. रॉजर्स त्याच्यासमोर बसायचे, आणि मिनिटांमागून मिनिटं शांततेत जायची. मधूनच ते एखादं वाक्य बोलायचे, तुला आज फार वाईट वाटतंय असं मला जाणवतंय, एवढंच. एके दिवशी आपण कुणाच्याच कामाचे नाही असं पुटपुटून तो ढसाढसा रडला. तिथून तो सुधारत गेला. काही वर्षांनी त्याने दुसऱ्या गावाहून फोन करून आपण बरे आहोत असं कळवलं. काही बोलतच नाही हो, खोलीत कोंडून घेतो, अशी तक्रार आया करतात तेव्हा मला हा तरुण आठवतो.

१९६१ मध्ये आलेल्या पुस्तकाने रॉजर्स घराघरात पोचले. १९६४ मध्ये ते कॅलिफोर्नियात ला होया इथं राहायला गेले. तिथून पुढं गटात बसून बोलण्याचे प्रयोग, उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांना एकत्र बसवणं, दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या-काळ्यांना समोरासमोर आणणं, हे सगळं झालं. त्यावर मी लांबण लावत नाही.

पण उतारवयातली एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर चित्र अर्धं राहील. हेलन आजारी पडल्या, वर्षानुवर्षं. जगाचं ऐकणाऱ्या या माणसाला घरातलं ते आजारपण जड गेलं. सेवा करत होते, पण आपलं आयुष्य अडकून पडलं याचा त्रागाही होत होता. तो त्यांनी लिहूनही ठेवला. १९७९ मध्ये हेलन गेल्या. त्या काळात त्यांचं दारू पिणं वाढलं, जवळच्या माणसांना काळजी वाटण्याइतकं वाढलं, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. सोड्याच्या बाटलीलाही भिणाऱ्या घरातला हा मुलगा! हे वाचून माझा त्यांच्याबद्दलचा आदर कमी झाला नाही. व्यसन काही वाईट वळणाच्याच घरात शिरतं असं नाही, एवढं मात्र पुन्हा कळलं. १९८७ मध्ये पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि ४ फेब्रुवारीला ते गेले. नुकतीच पंच्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती.

रॉजर्सनी गांजावर काही खास उपचार शोधला नव्हता. ते काम त्यांच्या वाटेने पुढं गेलेल्यांनी केलं. विल्यम मिलर नावाचे मानसशास्त्रज्ञ दारू पिणाऱ्यांवर काम करत होते. १९८० च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की उपचार करणारा रॉजर्सच्या अर्थाने जितका समजून घेणारा, तितकं समोरच्याचं पिणं जास्त कमी झालं. १९८३ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला आणि मग स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर १९९१ मध्ये पुस्तक.

त्यातलं म्हणणं आपल्या रोजच्या अनुभवाचं आहे. व्यसन करणाऱ्याच्या मनात दोन्ही बाजू असतात, सोडावंसंही वाटतं आणि नकोही वाटतं. आपण सोडायची बाजू घेऊन भांडायला लागलो की त्याच्या वाट्याला उरते ती न सोडायची बाजू. मग तो तीच लढवतो, आणि आपल्या तोंडाने लढवलेली बाजू माणसाला आणखी पटत जाते. म्हणून समुपदेशक उलट करतो. गांजात तुला काय आवडतं, हे तो आधी विचारतो. मुलगा चमकतो, कारण हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. मग त्यातलं काय आवडत नाही, हे विचारतो. सोडणं तुला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहात सांग, म्हणतो. मुलगा चार म्हणाला तर आपण म्हणू, चारच? समुपदेशक विचारतो, दोन का नाही म्हणालास? याचं उत्तर देताना मुलगा आपणहून सोडायची कारणं सांगायला लागतो. रॉजर्स यांच्यापेक्षा हे थोडं वेगळं, कारण इथं बोलणं हळूच एका दिशेला वळवलेलं असतं. त्यांना ते कितपत रुचलं असतं कोण जाणे. पण ऐकायची रीत त्यांचीच.

अमेरिकेत चार ठिकाणी मिळून ६०० किशोरवयीन मुलांवर, ज्यांची मुख्य अडचण गांजाच होती, बोलण्याच्या पाच पद्धती करून बघितल्या. २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. पाचही पद्धतींनी मुलांचं ओढणं कमी झालं. सगळ्यात छोटी पद्धत पाचच बैठकांची. दोन एकेकट्याने, मिलर यांच्या रीतीने, आणि तीन गटात. नाही कसं म्हणायचं, हुक्की आली की काय करायचं, जुनी टोळी भेटली तर कसं निघायचं, याचा त्यात सराव. तीही उपयोगी पडली आणि खर्चाला परवडणारी निघाली. पण जादू नव्हती. वर्षाने पाहिलं तर बऱ्याच मुलांचा त्रास पूर्ण गेलेला नव्हता, काही सुटून पुन्हा घसरली होती. तेव्हा एकदा घसरला म्हणून सगळं संपलं असं समजू नका. सोडल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस मुलगा चिडतो, झोपत नाही, जेवत नाही. तो माज नसतो, अंगातून नशा उतरत असल्याचा त्रास असतो.

आणि हो, कानात आवाज येतात म्हणत असेल, सगळे आपल्यावर टपलेत असा संशय घेत असेल, जिवाचं बरंवाईट करायची भाषा करत असेल, तर नुसत्या ऐकण्यावर थांबू नका. मानसोपचार डॉक्टरांकडे लगेच न्या. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे, सरकारी जिल्हा रुग्णालयात विचारता येतं. व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही सरकारी नंबर फुकट लागतात. मुलगा तयार नसेल तर आईने स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

त्या पाच पद्धतींतल्या एकीत मुलाबरोबर दहा बैठका असतात आणि आणखी चार आईवडिलांसाठी राखून ठेवलेल्या. त्यातल्या दोन बैठकांना मुलाला बोलावतच नाहीत.